न दुखणारे दुखणे : लघवीतून जाणारे रक्त



आरोग्याच्या पाठासाठी या वेळी आम्ही जो विषय घेतला आहे, तो चारचौघांत काढण्याचा नव्हे, असे आपल्याकडे मानतात. म्हणूनच तो या पानावर घेत आहोत. गुडघे दुखू लागले तर आपण इमारतीखालच्या बाकावर बसून सगळ्या शेजाऱ्यांना सांगतो. साखर वाढली तर लग्नाच्या पंगतीतही तिची चर्चा होते. पण लघवी तांबडी झाली, तर नवरा बायकोला सांगत नाही आणि सासू सुनेला सांगत नाही. दोन दिवसांनी लघवी पुन्हा स्वच्छ झाली, की देवाचे आभार मानून मनुष्य ती गोष्ट विसरून जातो. हे विसरणे किती महाग पडू शकते, ते आजच्या पाठात पाहू.

आरंभी आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांची हकीकत सांगतो. त्यांनीच ती लिहा म्हणून सांगितले आहे. नाव मात्र छापू नका म्हणाले, म्हणून आपण त्यांना नुसते नाना म्हणू. नानांचे वय आज पंच्याहत्तरीच्या पुढे आहे. तरुणपणी ते मुंबईस एका गिरणीच्या रंगखात्यात होते. पुढे इस्राएलला आले आणि नेगेव्हमधील एका गावी कापडाच्याच कारखान्यात त्यांनी नोकरी केली. सिगारेट साठीपर्यंत ओढली. एका शुक्रवारी सकाळी त्यांना लघवी आमसुलाच्या सारासारखी दिसली. दुखत काही नव्हते. "उन्हाळी लागली असेल," असे म्हणून त्यांनी धने-जिऱ्याचे पाणी घेतले, रात्री सब्जा भिजवून प्यायले. शब्बाथ संपेपर्यंत लघवी निवळली. श्रेय धने-जिऱ्याला मिळाले.

सात महिन्यांनी तेच झाले आणि तसेच थांबले. तिसऱ्या वेळी नातवाला बरोबर घेऊन ते डॉक्टरांकडे गेले. पण नातवासमोर लघवीचा शब्द तोंडातून निघेना. "पोटात उष्णता झाली आहे," एवढेच ते बोलले. नातवाने त्याचे हिब्रूत "पोट दुखते" असे केले. डॉक्टरांनी आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या. यात डॉक्टरांचा दोष नव्हता. जे त्यांना कोणी सांगितलेच नाही, ते त्यांना कसे कळावे? पुढे काय झाले ते शेवटी सांगू. आधी मूळ विषय समजून घेऊ.

१. हे रक्त येते कोठून?

आपल्या पाठीत, बरगड्यांच्या खालच्या बाजूस, दोन मूत्रपिंडे असतात. रक्त गाळून त्यातील टाकाऊ भाग पाण्याबरोबर वेगळा करणे हे त्यांचे मुख्य काम. दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातील बहुतेक पुन्हा रक्तात घेतला जातो आणि दीड लिटरच्या आसपास लघवी उरते. ती दोन बारीक नळ्यांतून मूत्राशयात उतरते, तेथे साठते आणि मूत्रमार्गाने बाहेर पडते. पुरुषांत मूत्राशयाच्या तोंडाशी प्रोस्टेट नावाची ग्रंथी मूत्रमार्गाला वेढून असते. या वाटेवर कोठेही जखम, सूज, खडा किंवा गाठ झाली, तर लघवीत रक्त मिसळते.

रक्त दोन प्रकारे सापडते. एक, डोळ्यांना दिसणारे. लिटरभर लघवीत अवघे एक मिलिलिटर रक्त असले, तरी रंग बदलतो. म्हणून रंग गडद दिसला की फार रक्त गेले, असे घाबरून जाऊ नये. दुसरे, डोळ्यांना न दिसणारे, जे केवळ तपासणीत आढळते. सूक्ष्मदर्शकाखाली मोठ्या भिंगाच्या एका दृश्यात तीन किंवा अधिक तांबड्या पेशी दिसल्या, तर डॉक्टर पुढे शोध घेतात. रंगीत पट्टी लघवीत बुडवून केलेली चाचणी ही फक्त पहिली पायरी होय.

२. तांबडे ते सगळे रक्त नव्हे

बीट खाल्ल्यावर, म्हणजे येथील सेलेकचे सॅलड किंवा सेलेक घातलेले सार घेतल्यावर, काहींची लघवी गुलाबी होते. क्षयावरील रिफाम्पिसिन या औषधाने ती नारिंगी-तांबडी होते. पाणी कमी प्यायल्याने ती गडद पिवळी होते आणि काविळीत काळ्या चहासारखी दिसते. पण "काल बीट खाल्ले होते" ही समजूत खरी की खोटी, हे डोळ्यांनी ठरवता येत नाही. लघवीची साधी तपासणी ते ठरवते.

येथे नातवंडांविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. काही मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाच्या घटकाची कमतरता जन्मतः असते. अशा मुलाने फूल, म्हणजे बाकल्याच्या शेंगांचे दाणे, खाल्ले की दोन-तीन दिवसांत रक्तपेशी फुटतात, लघवी कोकाकोलासारखी काळसर होते आणि मूल फिकट व पिवळे पडते. काही औषधांनीही असेच होते. कुर्दिस्तान व इराककडील यहुदी घराण्यांत ही कमतरता बरीच आढळते. आता आपल्या मुलांची लग्ने सर्व समाजांत होतात, आणि हा दोष आईकडून मुलाकडे येतो. म्हणून सुनेच्या माहेरी अशी हकीकत आहे का, ते विचारून ठेवावे. असे चिन्ह दिसले, तर मुलाला त्याच दिवशी इस्पितळात न्यावे.

३. दुखते ते आणि न दुखते ते

लघवीला जळजळ, वारंवार जावेसे वाटणे, ओटीपोटात कळ आणि त्याबरोबर थोडे रक्त, हे बहुधा जंतूंच्या संसर्गाने होते. आपण ज्याला उन्हाळी म्हणतो, त्यात उष्णतेबरोबर पुष्कळदा हाच संसर्ग दडलेला असतो. स्त्रियांत तो अधिक होतो. औषधाने तो बरा होतो, पण औषधानंतर लघवी पुन्हा तपासून रक्त खरोखर गेले की नाही, हे पाहणे जरूर असते.

कंबरेच्या एका बाजूने सुरू होऊन जांघेकडे उतरणारी, माणसाला एका जागी बसू न देणारी कळ आणि त्याबरोबर रक्त, ही मुतखड्याची खूण. उष्ण व कोरड्या प्रदेशात मुतखडे अधिक होतात. घाम येतो, वाळवंटी हवेत तो लगेच सुकतो, म्हणून आपल्याला कळतही नाही आणि लघवी दाट होते. कोकणात घामाने सदरा भिजला की तहान आठवत असे. बेर्शेबा किंवा दिमोनात तसे होत नाही. ज्याला एकदा खडा झाला आहे, त्याने दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे. मात्र हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे दुखणे असेल, तर पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

उतारवयात पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढते. लघवीची धार बारीक होते, रात्री चारदा उठावे लागते आणि कधी रक्तही येते. पण "प्रोस्टेटचेच असणार" असे घरी बसून ठरवू नये.

काळसर, फेसाळ लघवी, सकाळी डोळ्यांखाली व पायांवर सूज आणि वाढलेला रक्तदाब, ही मूत्रपिंडाच्या गाळणीलाच सूज आल्याची चिन्हे होत. मुलांत घसा दुखून गेल्यावर एक-दोन आठवड्यांनी असे होऊ शकते. काही घराण्यांत मूत्रपिंडाचे दोष पिढ्यान् पिढ्या चालतात. घरात कोणाला डायलिसिस करावे लागले असेल किंवा तरुणपणी बहिरेपण आले असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे.

आणि आता ज्यासाठी हा पाठ लिहिला, ते. काही न दुखता, ताप नसता, एकाएकी तांबडी लघवी होते आणि आपोआप थांबते. लोकांना सर्वांत कमी भीती याची वाटते. डॉक्टरांना सर्वांत जास्त काळजी याचीच असते. मूत्राशयाच्या कर्करोगाचे पहिले चिन्ह पुष्कळदा हेच असते. मूत्रपिंडाच्या गाठीतही असे होते. आमचे म्हणणे नीट समजून घ्यावे : असे रक्त दिसलेल्या बहुतेकांना कर्करोग नसतो. डोळ्यांना दिसणाऱ्या रक्तासाठी तज्ज्ञाकडे पाठवलेल्या प्रौढांत साधारण दहांपैकी एका-दोघांत तो सापडतो. पण ते एक-दोघे कोण, हे तपासणीवाचून सांगता येत नाही.

४. थांबले म्हणजे बरे झाले नव्हे

मूत्राशयाच्या आतील गाठ नाजूक असते. तिच्या पृष्ठभागावरून रक्त येते, मग खपली धरते आणि रक्त थांबते. गाठ तेथेच राहते. पुढचे रक्त आठवड्याने येईल किंवा वर्षाने. मधल्या काळात मनुष्य खातो, पितो, फिरतो. त्याला वाटते आपण बरे झालो. त्या काळात घेतलेले धने-जिरे, सब्जा, वाळ्याचे पाणी, सगळ्यांना श्रेय मिळते. हे पदार्थ वाईट नाहीत. उन्हाळ्यात अवश्य घ्यावेत. त्यांनी तपासणीची जागा मात्र घेऊ नये. आपण बहाद्दरीने "दुखणे अंगावर काढले" म्हणतो. जे दुखतच नाही, ते अंगावर काढण्यात बहाद्दरी कसली?

दोन चुका विशेष होतात. पहिली, स्त्रियांच्या बाबतीत. रक्त दिसले की संसर्ग समजून गोळ्या दिल्या-घेतल्या जातात. पुन्हा रक्त आले, पुन्हा गोळ्या. असे दोन-तीनदा झाले, तर तपासणीत जंतू खरोखर सापडले होते का, हे बाईंनी स्पष्ट विचारावे. पाळी बंद झालेल्या स्त्रीने कपड्यावर रक्त पाहिले, तर ते लघवीचे की अंगावरून गेलेले, याचा उलगडा डॉक्टरांकडूनच करून घ्यावा. दोन्हीही तपासण्यासारखेच असते.

दुसरी चूक, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांची. "गोळीमुळे आले" म्हणून ते निश्चिंत राहतात. गोळीमुळे रक्त अधिक वाहते हे खरे, पण ते वाहण्याचे मूळ कारण बहुधा आत वेगळेच असते. अशांचीही तपासणी इतरांसारखीच झाली पाहिजे. मात्र डॉक्टरांना न विचारता गोळी कधीही बंद करू नये.

५. आपली मागची हकीकत सांगा

येथील डॉक्टरांना आपले आजचे आयुष्य दिसते. मागचे आपण सांगितले तरच कळते.

तंबाखू : मूत्राशयाच्या कर्करोगाचे सर्वांत मोठे कारण हेच होय. धुरातील विषारी द्रव्ये रक्तात जातात, मूत्रपिंडे ती गाळून लघवीत टाकतात आणि ती तासन् तास मूत्राशयात साठून राहतात. सुमारे निम्म्या रुग्णांत कारण तंबाखूचे धूम्रपान असते. वीस वर्षांपूर्वी सोडली असली, तरी ओढत होतो हे सांगावे. सोडल्याने धोका कमी होतो, पण पूर्ण जात नाही.

कामधंदा : १८९५ साली जर्मनीतील लुडविग रेन या शल्यवैद्याने रंगाच्या कारखान्यातील कामगारांत मूत्राशयाच्या गाठी पाहिल्या आणि त्यांचा संबंध कामाशी जोडला. पुढे काही रंगद्रव्ये घातक ठरली. रंगखाते, रबर, चामडे, छपाई अशा ठिकाणी काम केलेल्यांनी ते सांगावे. काम आणि गाठ यांत कित्येक दशकांचे अंतर पडू शकते.

क्षय : लहानपणी भारतात स्वतःला किंवा घरात कोणाला क्षय झाला असेल, तर सांगावे. क्षय मूत्रपिंडातही होतो. तेव्हा लघवीत रक्त व पू दिसतो, पण नेहमीच्या तपासणीत जंतू सापडत नाहीत. त्यासाठी वेगळी तपासणी मागवावी लागते.

प्रवास : आफ्रिकेतील तळी व नद्यांच्या पाण्यात बिल्हार्झिया नावाच्या रोगाचा कृमी असतो. तो कातडीतून शिरतो आणि त्याचा एक प्रकार मूत्राशयात ठाण मांडतो. थिओडोर बिल्हार्झ यांना तो १८५१ साली कैरो येथे सापडला. हा रोग भारतात नाही असे मानीत. पण १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या वैद्यकीय नोंदीत आपल्याच कोकणातील, रत्नागिरी जिल्ह्यातील, गिमवी या गावी तो आढळल्याचे नमूद आहे. आज कोकणच्या पाण्याचे भय धरण्याचे कारण नाही. सैन्यसेवा संपवून आफ्रिकेत हिंडून आलेल्या नातवाच्या लघवीत रक्त दिसले, तर मात्र तो तेथे तळ्यात पोहला होता का, हे विचारावे.

६. केव्हा जायचे?

ताबडतोब, म्हणजे त्याच तासाला : रक्ताच्या गुठळ्या पडून लघवी अडली असेल, थंडी वाजून ताप आणि कंबरेत कळ असेल, पडल्यावर किंवा अपघातानंतर रक्त आले असेल, घेरी येत असेल, गरोदर स्त्रीला रक्त दिसले असेल, मुलाची लघवी काळसर होऊन अंगावर सूज किंवा फिकेपणा आला असेल. अशा वेळी मियूनमध्ये जावे किंवा १०१ वर मागेन दावीद आदोमला फोन करावा. शब्बाथ आहे म्हणून थांबू नये. पिकुआख नेफेश, म्हणजे जीव वाचवणे, शब्बाथच्या आधी येते.

त्याच आठवड्यात : एकदाच, एकच दिवस, काही न दुखता रक्त दिसले तरीसुद्धा. ते थांबले असले तरीसुद्धा.

सवडीने, पण न टाळता : नेहमीच्या तपासणीत न दिसणारे रक्त आढळले असेल तेव्हा. फार धावपळीने किंवा व्यायामानेही असे होते. दोन-तीन दिवस विश्रांती घेऊन डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा तपासावे.

७. तपासण्या कोणत्या?

भीती बरीचशी अज्ञानाची असते, म्हणून क्रम सांगतो. प्रथम लघवीची तपासणी व जंतूंसाठी कल्चर. सुरुवातीची थोडी लघवी सोडून मधली धार बाटलीत घ्यावी. मग मूत्रपिंडाचे काम पाहण्यासाठी रक्ततपासणी व रक्तदाब. त्यानंतर सोनोग्राफी किंवा सी. टी. स्कॅन. आणि जरूर असल्यास मूत्राशयाची दुर्बिणीची तपासणी. ती बहुधा मूत्रमार्ग बधिर करून बाह्यरुग्ण विभागातच होते आणि काही मिनिटांत आटोपते. नंतर एक-दोन दिवस जळजळ होते. सोनोग्राफी चांगली आली म्हणून ही तपासणी टाळू नये. मूत्राशयातील लहान किंवा चपटी गाठ सोनोग्राफीत सुटू शकते.

१९९५ पासून लागू असलेल्या राष्ट्रीय आरोग्य विमा कायद्याने येथील प्रत्येक रहिवासी कुठल्या ना कुठल्या कुपात खोलीमचा सभासद असतो. प्रथम आपल्या रोफे मिशपाखाकडे जावे आणि तज्ज्ञासाठी हाफनाया मागावी.

८. तोंडाने काय सांगावे?

हिब्रूत पोटाला बेतेन म्हणतात आणि लघवीला शेतेन. एका अक्षराचा फरक, पण नानांची कितीतरी वाट चुकली. म्हणून हे वाक्य पाठ करावे किंवा चिठ्ठीवर लिहून न्यावे : "येश ली दाम बाशेतेन", म्हणजे माझ्या लघवीत रक्त आहे. दुखत नसेल तर पुढे जोडावे : "ब्ली केएवीम", वेदनेशिवाय. पूर्वी सिगारेट ओढली असेल तर : "इशान्ती". चिठ्ठीवर तारीख, रंग, गुठळ्या होत्या की नाही आणि चालू औषधांची नावे लिहावीत. मग नातू बरोबर असला काय किंवा नसला काय, संकोच करण्याची पाळी येत नाही.

आणि मुलासुनांना आमची विनंती : आजोबा-आजी "उष्णता झाली", "उन्हाळी लागली" म्हणाले, तर तेवढ्यावर सोडू नका. "नाना, लघवीचा रंग कसा होता?" हा एक प्रश्न विचारा.

नानांच्या घरी तो प्रश्न सुनेने विचारला. चौथ्या वेळी भांड्यातले पाणी तांबडे तिला दिसले आणि ती स्वतः त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. दुर्बिणीने मूत्राशयात गाठ दिसली. ती मूत्रमार्गातूनच, पोट न कापता, काढली. सुदैवाने ती मूत्राशयाच्या स्नायूत उतरली नव्हती. निदान होते तेव्हा बहुतेकांची गाठ अशीच वरवर असते. खोल गेली, की सारे मूत्राशय काढण्याची वेळ येऊ शकते. पुढे नानांच्या मूत्राशयात बी. सी. जी. सोडण्यात आली. होय, क्षयासाठी आपल्या दंडावर टोचतात तीच लस. या कामी तिचा उपयोग कॅनडातील डॉ. अल्वारो मोरालेस यांनी १९७६ साली दाखवून दिला. अशी गाठ परत येण्याची खोड असते, म्हणून नाना आरंभी दर तीन महिन्यांनी दुर्बिणीसाठी जात आणि अजून ठरल्या तारखेला जातात.

आपल्या सिद्दूरमध्ये लघवी-शौचानंतर म्हणण्याची एक बराखा आहे. शरीरातील वाटा उघड्या असाव्यात त्या उघड्या आणि मिटलेल्या असाव्यात त्या मिटलेल्या राहिल्या, याबद्दल तीत देवाचे आभार मानले आहेत. ज्या गोष्टीसाठी आपले पूर्वज देवासमोर संकोच न करता बोलले, ती डॉक्टरांना सांगायला लाज कसली? नाना परवा मलिद्याला भेटले, तेव्हा म्हणाले, "मी दीड वर्ष लाजलो. बाकीच्यांना लाजू नका म्हणून सांगा." त्यांचा निरोप आम्ही पोहोचवला आहे.